एका वर्षाचे ५६३ डॉलर

डिसेंबर २००१मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एक अहवाल प्रसिद्ध केला. नाव मराठीत सांगायचं तर ‘स्थूल अर्थशास्त्र आणि आरोग्य: आर्थिक विकासासाठी आरोग्यात गुंतवणूक’. तो लिहिणाऱ्या आयोगाचे अध्यक्ष होते अर्थतज्ज्ञ जेफ्री सॅक्स. सदस्यांमध्ये मनमोहन सिंग होते, आर्थिक इतिहासासाठी नोबेल मिळालेले रॉबर्ट फोगेल होते. दोनशेच्या आसपास पानांचा हा अहवाल फुकट डाउनलोड होतो. मी तो फोनवर वाचला, बेलापूर-पेंधर मेट्रोत आणि बराचसा घरी, खारघरला, रात्री जागून.

मी डॉक्टर नाही, अर्थतज्ज्ञही नाही. दिवसभर सर्व्हरचे लॉग बघणारा इंजिनिअर आहे. पण एखादा मजकूर कुणाला उद्देशून लिहिलाय आणि त्यात काय मोजायचं राहून गेलंय, हे बघायची सवय त्या कामानेच लागते. म्हणून हा अहवाल मी एखादं पुस्तक वाचावं तसा वाचला. त्याचं परीक्षण करायला फारच उशीर झालाय असं वाटेल. पण त्यातली मध्यवर्ती कल्पना आता इतकी आपली झाली आहे की ती कुणाची होती हेही आपण विसरलोय. ‘आरोग्यावरचा पैसा हा खर्च नाही, गुंतवणूक आहे.’ हे वाक्य अर्थसंकल्पाच्या चर्चेत येतं, कोरोनाच्या काळात अग्रलेखांत आलं, कॉलेजच्या वक्तृत्व स्पर्धेत तर हमखास येतं. ऐकायला छान वाटतं. माझं म्हणणं असं, की हे वाक्य आरोग्याच्या बाजूने बोलताना आरोग्याचाच घात करतं. आणि याचा सगळ्यात ठळक पुरावा आपल्या महाराष्ट्रातच आहे.

हा अहवाल कुणासाठी लिहिलाय?

आधी अहवालाचं श्रेय त्याला देऊ. त्या काळी एड्स, क्षय आणि मलेरिया यांनी आफ्रिकेतले देश पोखरले होते आणि श्रीमंत देश मदतीच्या नावाने चिल्लर टाकत होते. आयोगाने हिशेब मांडला: गरीब देशांत अत्यावश्यक उपचार पोहोचवायचे तर माणशी वर्षाला साधारण ३४ डॉलर लागतील. तेवढे खर्च केले तर २०१०पर्यंत दरवर्षी ८० लाख जीव वाचू शकतील. त्याच सुमारास, २००२मध्ये, या तीन रोगांसाठी ‘ग्लोबल फंड’ उभा राहिला. त्या पैशातून आलेल्या औषधांवर असंख्य माणसं आज जिवंत आहेत. हे नाकारणं कृतघ्नपणा होईल.

पण ८० लाख जीव एवढं सांगून अहवाल थांबत नाही. तो पुढे या जिवांचा भाव काढतो. ८० लाख जीव म्हणजे निरोगी जगण्याची ३३ कोटी वर्षं. एका वर्षाची किंमत किती धरायची? गरीब देशांत एक माणूस वर्षाला सरासरी जितकं कमावतो तितकी. २०१५ साली हे उत्पन्न ५६३ डॉलर असेल असा अंदाज. ३३ कोटी गुणिले ५६३, म्हणजे वर्षाला सुमारे १८,६०० कोटी डॉलरचा फायदा. हा अंदाज हात राखून केलाय, असंही अहवाल म्हणतो.

हा गुणाकार वाचला की अहवालाचा खरा वाचक कोण ते कळतं. आजारी माणूस नाही, त्याची आई नाही, डॉक्टरही नाही. तो आहे अर्थमंत्री. सगळा मजकूर त्याची मनधरणी करतो. साहेब, तुम्हाला दया वाटत नसेल तर निदान नफा बघा. सरासरी आयुर्मान १० टक्क्यांनी वाढलं की आर्थिक वाढीचा वार्षिक दर किमान ०.३ ते ०.४ टक्का-बिंदूंनी वाढतो, असाही दाखला त्यात आहे.

आता हीच पट्टी घेऊन जरा घराबाहेर पडू. अहवालात सगळ्या गरीब देशांसाठी मिळून एकच आकडा आहे. पण एका वर्षाची किंमत म्हणजे त्या माणसाभोवतीचं दरडोई उत्पन्न हे एकदा मान्य केलं, की ती पट्टी देशांच्या सीमेवर थांबवता येत नाही. महाराष्ट्राच्या आर्थिक पाहणीत दरवर्षी जिल्हावार दरडोई उत्पन्न छापलेलं असतं. मुंबई, ठाणे, पुणे वर. नंदुरबार, गडचिरोली, वाशीम खाली. म्हणजे गडचिरोलीतल्या बाळाचं एक वर्ष ठाण्यातल्या बाळाच्या वर्षापेक्षा स्वस्त. खारघरमध्येच मोजायचं तर सेंट्रल पार्कजवळच्या टॉवरमधलं वर्ष महाग आणि मागे डोंगरावरच्या फणसवाडी-चाफेवाडीच्या आदिवासी पाड्यांवरचं स्वस्त. आयोगाच्या एकाही सदस्याला हे मान्य झालं नसतं याची मला खात्री आहे. पण सूत्र सदस्यांचा स्वभाव विचारत नाही, आकडे विचारतं.

सरासरीतला छेद

या अहवालावर अर्थशास्त्रात मोठा वाद झाला. तो सोप्या शब्दांत सांगण्यासारखा आहे.

श्रीमंत देशांतली माणसं जास्त जगतात हे सगळ्यांना दिसतं. पण आरोग्यामुळे श्रीमंती येते की श्रीमंतीमुळे आरोग्य? लँट प्रिचेट आणि लॉरेन्स समर्स यांनी १९९६मध्ये दुसऱ्या बाजूने पुरावा मांडला: उत्पन्न वाढलं की बालमृत्यू घटतात. त्याआधी, १९७५मध्ये, लोकसंख्याशास्त्रज्ञ सॅम्युएल प्रेस्टन यांनी दाखवलं होतं की १९३०च्या दशकापासून १९६०च्या दशकापर्यंत जगाचं आयुर्मान जे वाढलं, त्यातला १० ते २५ टक्के भागच उत्पन्नवाढीतून आला. उरलेला भाग लशी, डासनियंत्रण, पाणी, स्वच्छता, ज्ञान यांतून. म्हणजे तेवढ्याच पैशात माणसं जास्त जगायला लागली.

१९९९मध्ये प्रिचेट यांनी डिऑन फिल्मर यांच्यासोबत आणखी अडचणीचा प्रश्न विचारला. सरकारने आरोग्यावर किती टक्के खर्च केला याचा बालमृत्यूंशी संबंध किती? वेगवेगळ्या देशांची तुलना केल्यावर उत्तर आलं: जवळजवळ नाहीच. उत्पन्न, विषमता आणि स्त्रियांचं शिक्षण यांनी बराचसा फरक उलगडतो, खर्चाचा आकडा मात्र काहीच उलगडत नाही. ‘सरकारी खर्च फुकट जातो’ म्हणणाऱ्यांना हे आयतंच सापडलं. खरं तर त्यातून निघतं ते इतकंच, की ‘खर्च’ नावाच्या एका रकान्यात राजधानीतल्या इस्पितळाची लिफ्ट आणि पाड्यावरची लस दोन्ही भरलेली असतात. त्या बेरजेला प्रश्न विचारून उत्तर मिळणार नाही.

मग २००७मध्ये दारॉन असेमोग्लू आणि सायमन जॉन्सन यांनी मुळावरच घाव घातला. १९४०नंतर पेनिसिलिन, डीडीटी, लशी यांमुळे गरीब देशांत आयुर्मान झपाट्याने वाढलं. त्यामुळे दरडोई उत्पन्न वाढलं का? त्यांच्या हिशेबाने नाही. माणसं वाचली, लोकसंख्या वाढली, पण जमीन आणि भांडवल त्या प्रमाणात वाढलं नाही. डेव्हिड ब्लूम, डेव्हिड कॅनिंग आणि गुंथर फिंक यांनी त्यावर आक्षेप घेतला आणि तो वाद अजून मिटलेला नाही.

मला मात्र या वादातलं गणित अस्वस्थ करतं. दरडोई उत्पन्न हा भागाकार आहे. वर देशाचं उत्पन्न, खाली माणसं. वाचलेलं बाळ पहिली १५-२० वर्षं फक्त छेदात असतं. गाय व्याली की दरडोई उत्पन्न वाढतं आणि बाई बाळंतीण झाली की घटतं, असा अर्थतज्ज्ञांचा एक जुना विनोदच आहे. आरोग्याच्या बाजूने लढायला आपण नेमकं असं हत्यार निवडलंय, जे वाचलेल्या मुलाला तोटा म्हणून मोजतं.

गडचिरोलीचा हिशेब

माझं आजोळ ब्रह्मपुरीचं. तिथून वैनगंगा ओलांडली की गडचिरोली जिल्हा लागतो. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने तिथे केलेला प्रयोग बहुतेक मराठी वाचकांना नावाने माहीत असतो. तो हिशेब म्हणून क्वचितच वाचला जातो.

१९९०च्या दशकात त्यांनी गडचिरोलीतली ३९ गावं निवडली, तुलनेसाठी आणखी ४७. या ३९ गावांतल्या बायकांना प्रशिक्षण दिलं: बाळ जन्मल्यावर घरी जायचं, वजन करायचं, ऊब द्यायची, श्वास अडकला तर काय करायचं, जंतुसंसर्गाची लक्षणं ओळखायची आणि गरज पडली तर अँटिबायोटिकचं इंजेक्शन द्यायचं. सुरुवातीला या गावांत १,००० जन्मांमागे सुमारे ६२ बाळं पहिल्या महिन्यातच जात होती. तिसऱ्या वर्षी, तुलनेच्या गावांच्या मानाने, हे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. डिसेंबर १९९९मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हा निबंध छापून आला. एका बाळामागे खर्च होता ५.३ डॉलर. आणि १८ बाळांची अशी काळजी घेतली की एक मृत्यू टळत होता.

गुणाकार करा. ९५ डॉलरच्या आसपास एक जीव. सॅक्स आयोगाच्या पट्टीने जगण्याच्या एका वर्षाचेच ५६३ डॉलर, आणि हे बाळ तर ६०-६५ वर्षं जगू शकतं. असा परतावा कुठला शेअर बाजार देणार नाही. गुंतवणुकीचा युक्तिवाद खरंच अर्थमंत्र्यांना पटत असता, तर २००२च्या अर्थसंकल्पात सगळ्या राज्यांनी यावर उड्या टाकल्या असत्या.

तसं झालं नाही. नवजात बाळांची घरी जाऊन काळजी घेण्याचा कार्यक्रम देशभर आशाताईंमार्फत सुरू झाला तो २०११मध्ये. लॅन्सेटमधल्या निबंधानंतर १२ वर्षांनी. आणि ४२ दिवसांत सहा-सात वेळा घरी जाण्याबद्दल आशाताईला ठरवून दिलेला मोबदला होता, एका बाळामागे २५० रुपये.

असं का झालं असावं? कारणं अनेक असतील. पण एक कारण त्या भाषेतच आहे, आणि मला ते आमच्या घरच्या एका बिलातून समजलं. दोन वर्षांपूर्वी माझ्या ताईचं बाळ जन्मल्यावर चौथ्या दिवशी दूध पिईना, मलूल पडलं. नवी मुंबईतल्या एका खासगी रुग्णालयात त्याला नऊ दिवस काचेच्या पेटीत ठेवलं. जंतुसंसर्ग होता. बाळ बरं झालं, आता घरभर धावतं. बिल झालं १ लाख ८० हजारांवर. माझ्या कंपनीच्या पॉलिसीत ताई बसत नव्हती, तिच्या नवऱ्याच्या पॉलिसीने निम्मं दिलं, निम्मं आम्ही भरलं. त्या बिलाला मी नावं ठेवत नाही. पण ते हातात घेऊन बसलो तेव्हा एक प्रश्न पडला. हे १ लाख ८० हजार रुपये देशाच्या जीडीपीत कसे गेले? जवळजवळ सगळेच्या सगळे, भर म्हणून. आणि गडचिरोलीतलं एखादं बाळ असाच जंतुसंसर्ग होण्याआधी आशाताईच्या फेरीमुळे वाचलं असेल, तर? जास्तीत जास्त २५० रुपयांची भर.

राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात सरकारी सेवेला बाजारभाव नसतो. म्हणून तिचं मोल तिच्यावर झालेल्या खर्चाइतकंच धरतात: पगार, औषधं, इमारतीची झीज. टळलेला मृत्यू त्यात कुठेच नसतो. म्हणजे जी सेवा जितकी स्वस्त आणि जितकी परिणामकारक, तितकी ती वाढीच्या आकड्यात बारीक दिसते. सार्वजनिक आरोग्याचा खर्च आणि जीडीपी यांचा संबंध शोधणाऱ्या आलेखांत हा दोष आधीपासूनच मुरलेला असतो. खर्च केला की जीडीपी व्याख्येनेच वाढतो; माणूस वाचला की नाही हे वेगळं मोजावं लागतं.

आमच्या कामात हे रोज भोगावं लागतं. नवीन फीचर आणणाऱ्याचं नाव मीटिंगमध्ये निघतं. ज्याने वेळेवर बॅकअप घेतले आणि ज्याच्यामुळे सर्व्हर पडलाच नाही, त्याच्या कामाचा आलेख सपाट दिसतो. मग दोन वर्षांनी खर्च कमी करायची वेळ आली की मॅनेजर त्या सपाट रेषेकडे बघून विचारतो, हा माणूस नेमकं करतो काय?

आधी वाढ, मग आरोग्य?

एक उलट युक्तिवाद नेहमी येतो, विशेषतः आमच्या ऑफिसातल्या जेवणाच्या टेबलावर. ठीक आहे, आरोग्यामुळे वाढ होते की नाही ते सोडा. वाढ होऊ द्या, आरोग्य आपोआप मागे येईल.

या युक्तिवादाची परीक्षा घ्यायला महाराष्ट्रासारखं राज्य नाही. देशाच्या एकूण उत्पन्नात एकट्या महाराष्ट्राचा वाटा १३-१४ टक्के, सगळ्या राज्यांत मोठा. वाढीने आरोग्य येत असतं तर ते इथे सगळ्यात आधी यायला हवं होतं.

काही बाबतींत ते आलंही. २०२०च्या नमुना नोंदणी पाहणीत १,००० जन्मांमागे अर्भकमृत्यू देशात २८ होते, महाराष्ट्रात १६. केरळमध्ये ६. २०१८-२०मध्ये १ लाख जन्मांमागे मातामृत्यू देशात ९७, महाराष्ट्रात ३३. ही कमाई खरी आहे आणि त्यामागे परिचारिका, आशाताई, १०८च्या रुग्णवाहिका आहेत.

आता दुसरा आकडा बघा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २०१५-१६मध्ये महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३४.४ टक्के मुलं वयाच्या मानाने बुटकी, म्हणजे दीर्घकाळ कुपोषित होती. २०१९-२१मध्ये? ३५.२ टक्के. याच काळात १५ ते ४९ वयाच्या बायकांमधला रक्तक्षय ४८ टक्क्यांवरून ५४.२ टक्क्यांवर गेला. मधल्या वर्षांत राज्याचं उत्पन्न वाढलं, समृद्धी महामार्गाचं काम सुरू झालं, आमच्या खारघरला मेट्रोचे खांब उभे राहिले. मुलांची उंची तिथेच राहिली.

यातून मला दिसतं ते असं. मरण टाळणारी कामं कमी पैशात, नेमक्या कार्यक्रमातून होऊ शकतात आणि महाराष्ट्राने त्यातली काही केली. पण मूल नीट वाढायला आईचं रक्त, स्वच्छ पाणी, रोजचं अन्न आणि वर्षानुवर्षं चालू असलेलं जवळचं आरोग्य केंद्र लागतं. तिथे दात कोरून पोट भरत नाही. २०१७च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने राज्यांना २०२०पर्यंत अर्थसंकल्पाच्या ८ टक्क्यांहून जास्त रक्कम आरोग्यावर खर्च करायला सांगितलं होतं. महाराष्ट्र त्याच्या बराच खाली राहिला. राज्याच्या उत्पन्नाच्या तुलनेत आपला सरकारी आरोग्यखर्च १ टक्क्याच्या आसपास घुटमळतो. देशातल्या सर्वांत मोठ्या अर्थव्यवस्थेला हे परवडत नाही, असं म्हणायला कुणाची जीभ रेटेल?

अमर्त्य सेन यांनी या ‘परवडत नाही’चं उत्तर फार पूर्वी दिलं आहे. आरोग्यसेवा ही माणसांच्या श्रमावर चालते. गरीब देशात पगार कमी असतात, म्हणून तिथे हीच सेवा स्वस्तात उभी राहते. श्रीमंत होईपर्यंत थांबायचं कारण नाही. केरळने श्रीमंत होण्याआधीच ते करून दाखवलं होतं.

वखारी आणि माणसं

‘व्यापार बुडेल म्हणून आरोग्य सांभाळा’ हा युक्तिवाद महाराष्ट्रात सॅक्स यांच्या १०० वर्षं आधी येऊन गेलाय. सप्टेंबर १८९६मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचं निदान केलं. मांडवी म्हणजे गोदीला लागून असलेल्या धान्याच्या वखारी. पुढच्या काही महिन्यांत परदेशी बंदरांनी मुंबईच्या मालावर आणि जहाजांवर निर्बंध आणले. १८९७मध्ये युरोपीय देशांची प्लेगवर व्हेनिसला परिषद भरली. आणि मग तोवर शहराच्या गटारांकडे काणाडोळा करणारं सरकार खडबडून जागं झालं. १८९७चा साथरोग कायदा आला, तोच कायदा आपल्यावर २०२०मध्ये पुन्हा लावला गेला. १८९८मध्ये ‘मुंबई सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ स्थापन झाला.

त्यातून चांगलंही झालं. रुंद रस्ते झाले, हाफकिन यांची प्रयोगशाळा परळला उभी राहिली. पण पैसा कुठे वाहिला ते बघा. ट्रस्टने दाट वस्त्या पाडल्या आणि सुरुवातीच्या वर्षांत जितकी घरं पाडली तितकी बांधली नाहीत. उठवलेली माणसं शेजारच्या चाळींत जाऊन दाटली. शहराचा व्यापार वाचवणं हा हेतू असेल तर हे यशच होतं. आजारी पडणाऱ्या माणसासाठी मात्र खोली आणखी अरुंद झाली.

१८९७मध्ये पुण्याजवळ हडपसरला, ससाणे मळ्यात, डॉ. यशवंत फुले यांनी प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना काढला होता. सावित्रीबाई फुले तिथे रोगी आणून सेवा करत होत्या. त्यातच त्यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. तिथे आणलेल्या रोग्यांमुळे कुठला व्यापार वाचणार नव्हता. दवाखान्यासाठी तो निकषच नव्हता.

आज खारघरमध्ये याची एक जिवंत खूण आहे. टाटा मेमोरियल केंद्राचं ‘अ‍ॅक्ट्रेक’ इथे आहे, कर्करोगावर संशोधन आणि उपचार करणारं. टाटांच्या विश्वस्त निधीने १९४१मध्ये परळला सुरू केलेलं हे रुग्णालय १९६२पासून केंद्राच्या अणुऊर्जा विभागाकडे आहे. खारघर स्टेशनबाहेर एक्स-रेच्या मोठ्या पिशव्या घेऊन रिक्षा शोधणारी कुटुंबं रोज दिसतात. बिहार, बंगाल, विदर्भ, कुठून कुठून आलेली. त्यांच्यात ७० वर्षांच्या आजी असतात. केमो घेऊन त्या आणखी दोन-तीन वर्षं जगतील. कारखान्यात जाणार नाहीत, कर भरणार नाहीत. गुंतवणुकीच्या भाषेत त्यांच्यावरचा प्रत्येक रुपया बुडीत खाती. त्या भाषेत म्हाताऱ्यांना जागा नाही, मतिमंद मुलांना नाही, ज्याला फक्त वेदनेविना मरायचंय त्यालाही नाही. तरी सरकार हा खर्च करतं आणि रांगेतल्या एकालाही त्याचं कारण विचारावंसं वाटत नाही.

मग अर्थमंत्र्याला सांगायचं काय?

माझ्या एका मित्राचा यावर ठाम आक्षेप आहे. तू म्हणतोस ते नैतिकदृष्ट्या बरोबर असेल, पण निधी वाटणाऱ्याला आकडाच कळतो. नफा दाखवला नाही तर पैसे दुसऱ्या खात्यात जातील.

त्याचा मुद्दा मी हलका समजत नाही. आणि लहान, नेमक्या प्रश्नांत उत्पादकतेचे पुरावे आहेतही. इंडोनेशियात १९७०च्या दशकात रक्तक्षय असलेल्या रबर कामगारांना लोहाच्या गोळ्या दिल्या तेव्हा त्यांचं काम वाढलं. ज्या राज्यात निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय आहे आणि ऊस तोडायला, भात लावायला त्याच बायका वाकतात, तिथे हा पुरावा जरूर सांगावा. पण जोडकारण म्हणून. तेच मुख्य कारण केलं की उद्या कुणीतरी जास्त परतावा देणारा उड्डाणपूल घेऊन येईल आणि आपण आपल्याच तर्काने हरू. गडचिरोलीच्या बाबतीत तर परतावा जास्त असूनही १२ वर्षं गेली.

अग्निशमन दलाने गेल्या वर्षी आर्थिक वाढीत किती भर घातली, असं पनवेल महापालिकेच्या सभेत विचारलं तर लोक हसतील. बंब किती मिनिटांत पोहोचतो, हा तिथला प्रश्न असतो. आरोग्यालाही तोच प्रश्न विचारता येतो, तोही आकड्यांतच. सर्वांत जवळचं चालू आरोग्य केंद्र किती दूर आहे? त्यात आज डॉक्टर होता का? जन्मलेल्या किती बाळांच्या घरी आशाताई पोहोचली आणि तिचा मोबदला वेळेवर मिळाला का? आजारपणाचा किती खर्च लोकांनी स्वतःच्या खिशातून केला? देशभरात हा शेवटचा आकडा २०१३-१४मध्ये ६४ टक्के होता, २०२१-२२पर्यंत ३९ टक्क्यांवर आला. इतकं घटूनही १०० रुपयांतले ३९ रुपये आजारी माणसाच्या घरातून जातात. ताईच्या बाळाच्या वेळी आम्ही ते भरू शकलो, कारण घरात दोन पगार होते.

हे सगळे आकडे अर्थमंत्र्याला वाचता येतात. त्यात कुणाच्याही जगण्याचा भाव काढावा लागत नाही.

राज्याची आर्थिक पाहणी दरवर्षी अर्थसंकल्पाच्या आधी विधिमंडळात मांडली जाते आणि तिची पीडीएफ कुणालाही उघडता येते. पुढच्या वेळी ती आली की बातम्यांमध्ये पहिला मथळा विकासदराचा असेल. तो वाचून झाला की फोनवरच दोन तक्ते शोधा, जिल्हावार दरडोई उत्पन्नाचा आणि आरोग्याच्या प्रकरणातला. ते वेगवेगळ्या पानांवर असतात. तुमच्या जिल्ह्याची ओळ दोन्हीकडे बघा. मी रायगडची बघणार आहे, आणि आजोळच्या नदीपलीकडची गडचिरोलीची.